अफूजन्य व्यसनाच्या उपचारात दारूचा धडा कसा द्यावा: समुपदेशक, परिचारिका आणि घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गर्द किंवा ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, सोडण्यासाठी जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिन या अफूजन्य औषधाची गोळी सुरू झाली, तीन महिने नियमित हजेरी लागली, लघवीची तपासणी स्वच्छ आली, आणि मग एके दिवशी रुग्णाची पत्नी समाधानाने सांगते, "आता तसलं काही नाही बघा, फक्त रात्रीची थोडी दारू घेतेत." सोलापुरात व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कोणालाही हे वाक्य नवे वाटणार नाही. घरच्यांच्या दृष्टीने दारू ही चारचौघांत चालणारी गोष्ट असते, गर्द हे खरे संकट असते आणि गर्द सुटले म्हणजे माणूस सुटला, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. त्या हिशेबात एक मोठी चूक आहे. एकटी असताना बऱ्यापैकी सुरक्षित असलेली गोळी दारूबरोबर माणसाचा श्वास थांबवू शकते आणि हे त्या घरात बहुधा कोणीच सांगितलेले नसते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, तर अफूजन्य पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपला रुग्ण उपचारानंतर ज्या गल्लीत, ज्या कारखान्यात आणि ज्या मित्रमंडळीत परत जातो, तिथे गर्द शोधावी लागते, दारू मात्र समोर येऊन बसते. म्हणून दारूविषयीचे शिक्षण हा गोळीइतकाच उपचाराचा भाग मानावा. ते एका लांबलचक व्याख्यानात उरकू नये. दहा-पंधरा मिनिटांच्या पाच-सहा बैठकांत ते टप्प्याटप्प्याने द्यावे.

पहिली पायरी: पहिल्याच दिवशी विचारायचे दोन प्रश्न

टर्की लागलेल्या माणसासमोर, म्हणजे ज्याचे अंग मोडते आहे, नाक वाहते आहे आणि पोटात कळा येत आहेत अशा माणसासमोर, दारूचे दुष्परिणाम सांगत बसण्यात काही अर्थ नाही. तरीही पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. शेवटची दारू कधी घेतली, आणि सकाळी उठल्यावर हात कापतात का, किंवा उतारा म्हणून सकाळीच दारू घ्यावी लागते का?

गर्द एकदम बंद केल्याचा त्रास असह्य असला तरी एरवी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर मात्र जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. "डॉक्टर म्हणाले सोड, म्हणून कालपासून दोन्ही सोडलं" असे अभिमानाने सांगणारा रुग्ण म्हणूनच काळजीचा असतो. पूर्वी कधी फिट आली असेल, किंवा सकाळचा उतारा रोजचा असेल, तर दारू रुग्णालयात दाखल होऊनच थांबवावी. दारू थांबवल्यावर होणाऱ्या त्रासावर (विथड्रॉवलवर) दिली जाणारी औषधे स्वतःच गुंगी आणणारी असतात, त्यात अफूजन्य गोळी चालू असते, त्यामुळे हे काम घरी करण्यासारखे नाही. शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, यासाठी जवळ आहे. तिथे पोहोचेपर्यंत दारू एकदम तोडू नये, हा सल्ला विचित्र वाटला तरी स्पष्ट शब्दांत द्यावा.

ज्यांनी ट्रामाडोल या अफूजन्य वेदनाशामकाच्या गोळ्या घेतल्या आहेत त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे, कारण ट्रामाडोलमुळे मुळातच फिट येण्याची शक्यता वाढते.

दुसरी पायरी: विचारपूस

"दारू पितोस का?" या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" किंवा "कधीतरी" असे येते. "आठवड्यातून किती वेळा होते?" असे विचारले की माणूस मोकळा होतो, कारण त्यात आरोप नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली इथे फार उपयोगी पडते. तिचे गुण शून्य ते ४० असतात आणि ८ किंवा त्याहून अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. आपल्या रुग्णांपुरते मला वाटते की ८ ची वाट पाहू नये. अफूजन्य औषध चालू असताना कमी गुणांचा माणूसही एका रात्री संकटात येऊ शकतो.

शक्य असेल तेव्हा ही विचारपूस एकट्याशी करावी. स्त्रिया रुग्ण असतील तर हा नियम दुप्पट पाळावा, कारण सासूसमोर दारूची कबुली देणारी बाई मला अजून भेटायची आहे. भाषेचाही विचार करावा. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना प्रश्न त्यांच्या घरच्या भाषेत कळले पाहिजेत, पण त्यासाठी रुग्णाच्या शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून बसवू नये.

तिसरी पायरी: मोजणी

माझ्या मते सगळ्या धड्याचा गाभा इथे आहे, म्हणून याला वेळ द्यावा.

टेबलावर स्टीलचा एक पेला, पाण्याची बाटली आणि मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा एक कप ठेवावा. मग रुग्णाला सांगावे, "रोज जेवढी ओतता तेवढं पाणी ओता." यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका रुग्णाने मला ठामपणे "दोनच पेग" असे सांगितले होते. त्याने पेला जवळ ओढला, बाटली तिरपी केली आणि पाणी पेल्याच्या कडेखाली दोन बोटांवर आले तेव्हाच हात थांबवला. आम्ही ते मापात ओतले तर ९० मिली भरले. दुसरा पेला ओतला, तोही तेवढाच. दोन पेग म्हणजे पूर्ण क्वार्टर झाली होती. तो काही क्षण मापाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग मी रोज क्वार्टर पितो म्हणा की." तोवर कोणीच त्याला तसे म्हटले नव्हते आणि मलाही म्हणावे लागले नाही.

यानंतर हिशेब मांडावा. आपल्याकडे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक एकक धरतात. व्हिस्की, रम यांच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते, म्हणून ३० मिलीला एक एकक पडते. त्या हिशेबाने ६० मिलीचा पेग दोन एकके आणि १८० मिलीची क्वार्टर सहा एकके होते. बिअर "काही नसते" असे मानणाऱ्यांसाठी सांगावे की ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये चार एकके असतात आणि ५ टक्केवालीतही अडीच असतात. देशी दारूच्या बाटलीवरचे टक्के रुग्णाकडूनच वाचून घ्यावेत. हातभट्टीचा हिशेब मात्र मांडता येत नाही, कारण तिच्यात किती अल्कोहोल आहे आणि दुसरे काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी हातभट्टीवर पोट असणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या व्यवसायाकडे वळवण्यासाठी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले, त्याची चर्चाही खूप झाली. केसपेपरवर 'हातभट्टी' हा शब्द तरीही लिहावा लागतो.

मोजणीचा पुढचा भाग वेळेचा आहे. शरीर तासाला साधारण एक एकक संपवते, त्याहून वेगाने नाही. लिंबूपाणी, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण रक्तातली दारू कमी होत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर हिशेब पहाटे पाचपर्यंत जातो, आणि दोन क्वार्टर झाल्या असतील तर सकाळी नऊला गोळी घ्यायला आलेल्या माणसाच्या अंगात दारू अजून शिल्लक असते. "रात्रीची होती, उतरली" हे वाक्य रुग्णाने स्वतःच या गणितावर घासून पाहावे, अशा पद्धतीने विचारत जावे.

चौथी पायरी: गोळी आणि दारू एकत्र आल्यावर काय होते

रुग्णाला मेंदूतील रिसेप्टरची नावे सांगण्याची गरज नाही. एवढे सांगावे की झोपेतसुद्धा श्वास चालू ठेवणारे एक केंद्र मेंदूत असते. अफूजन्य औषध त्याला मंद करते, दारूही त्याला मंद करते, आणि दोन्ही एकत्र आले की परिणाम नुसत्या बेरजेहून जास्त असू शकतो.

बुप्रेनॉर्फिनच्या गोळीबाबत एक गोष्ट विशेष समजावून द्यावी, कारण रुग्णांना ती अर्धवट माहीत असते. या औषधाचा श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही. म्हणूनच ते मेथाडोन या अशाच उपचारात दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या अफूजन्य औषधापेक्षा सुरक्षित मानले जाते आणि "या गोळीनं काही होत नाही" अशी समजूत पसरते. ही मर्यादा गोळी एकटी असतानाची आहे. दारू किंवा झोपेची गोळी सोबत आली की तो बांध टिकत नाही. मेथाडोनचे सिरप घेणाऱ्यांना असा बांध मुळातच नसतो आणि ते औषध शरीरात दीर्घकाळ राहते, त्यामुळे संध्याकाळी पिताना सकाळचा डोस "जुना झाला" असे धरून चालत नाही.

तिसरा साथीदार म्हणजे झोपेची किंवा घबराटीची गोळी, म्हणजे अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम. अनेक रुग्ण हिला औषधात धरतात, नशेत धरत नाहीत, म्हणून पट्टीचे चित्र किंवा रिकामी पट्टी दाखवून विचारावे. ताडी-शिंदीविषयीही विचारावे. तेलंगणाच्या काही जिल्ह्यांत ताडीत अल्प्राझोलॅम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत आणि आपल्या शहरातील अनेक कुटुंबांची सोयरीक तिकडेच आहे. लग्नाला गेलेला रुग्ण "नुसती शिंदी घेतली" म्हणतो तेव्हा त्याने दारू आणि झोपेची गोळी अशी दोन्ही घेतलेली असू शकते, आणि ते त्याला स्वतःला ठाऊकही नसते.

पाचवी पायरी: दारू सोडवणारी औषधे आणि त्यातले खड्डे

नॅल्ट्रेक्सोन हे औषध दारूच्या व्यसनावर दिले जाते आणि अफूजन्य व्यसनावरही दिले जाते, त्यामुळे गोंधळ होतो. ते अफूजन्य औषधाचा परिणाम अडवते. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असलेल्याने ते घेतले तर अचानक तीव्र टर्की लागते. साधारणपणे ७ ते १० दिवस, आणि मेथाडोननंतर त्याहूनही अधिक काळ, अंगात अफूजन्य काही नसल्याची खात्री झाल्यावरच ते सुरू करतात. रुग्ण गर्दासाठी एका ठिकाणी आणि दारूसाठी दुसऱ्या दवाखान्यात जात असेल आणि लाजेपोटी पहिल्याचा उल्लेख दुसरीकडे करत नसेल, तर हा अपघात घडतो. चालू औषधांची चिठ्ठी खिशात ठेवायला सांगणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो, म्हणून ते रुग्णाच्या पूर्ण माहितीनेच द्यायचे असते. घरच्यांना इथे बजावून सांगावे लागते, कारण "न सांगता चहात मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिरातीची पुडी आणून ठेवलेली आई किंवा पत्नी दर काही महिन्यांनी भेटतेच. त्या पुडीत नेमके काय आहे हे कळत नाही, रुग्णाला गोळी चालू असते, वर तो पिऊन आलेला असतो. त्या माउलीवर रागावू नये. पुडी मागून घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

यकृताविषयी थोडक्यात सांगायचे तर सुईने नशा केलेल्यांची हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी झालीच पाहिजे. हिपॅटायटिस सी असताना दारू चालू राहिली तर यकृत अधिक वेगाने खराब होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत त्याचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. ही बातमी रुग्णाला आशा देते आणि दारू कमी करण्याचे कारणही देते. अंगदुखीवर रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉल मनाने घेऊ नये, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

सहावी पायरी: घरच्यांना श्वास मोजायला शिकवणे

"पिऊन आलाय, घोरतोय, झोपू दे" या वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशानेही होत नसावे. गडगडल्यासारखे किंवा घशात पाणी अडकल्यासारखे घोरणे, ओठ आणि नखे निळसर पडणे, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे आणि हाक मारून, खांदा जोरात हलवूनही न उठणे ही धोक्याची लक्षणे आहेत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत छातीची हालचाल मोजायला शिकवावे. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास भरले तर, किंवा ओठ निळे दिसले तर मोजणी पूर्ण होण्याचीही वाट न पाहता, १०८ ला फोन करावा.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडावा आणि हनुवटी किंचित वर करावी, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर फोनवर मिळणाऱ्या सूचनेप्रमाणे कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्यावा. मिठाचे पाणी, ताक, चिंचेचे पाणी असे काहीही बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतू नये. त्याला दोघांनी धरून चालवू नये आणि एकटेही सोडू नये. रुग्णालयात गेल्यावर गोळी आणि दारू या दोन्हींविषयी खरे सांगावे. नॅलॉक्सोनचे इंजेक्शन अफूजन्य औषधाचा परिणाम उतरवते, पण दारूवर आणि झोपेच्या गोळीवर त्याचा उपयोग होत नाही, शिवाय त्याचा असर लवकर ओसरतो. म्हणून इंजेक्शननंतर शुद्धीवर आला की लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

सातवी पायरी: रुग्णाचे पंचांग

कोणत्या दिवशी पिण्याची वेळ येते, हे रुग्णाकडूनच एका कागदावर लिहून घ्यावे. पगाराचा दिवस सगळ्यांच्या यादीत असतो. त्यापुढे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणपती विसर्जनाची रात्र, मित्राचे लग्न, आणि अनेकांच्या बाबतीत भांडण झालेली कोणतीही संध्याकाळ येते. प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशी कुठे असणार, सोबत कोण असणार आणि पहिला पेला पुढे आला की काय म्हणणार, हे लिहावे. उपचाराची गोष्ट उघड करायची नसते, त्यामुळे "लिव्हरचा रिपोर्ट खराब आलाय, डॉक्टरनं बंद केलीय" हे वाक्य बहुतेकांना सोयीचे वाटते. ते बैठकीत दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्यावे. ऐकायला पोरकट वाटते, पण ऐन वेळी तोंडात तेच येते.

मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात बिअर "थंडाव्यासाठी" घेतली जाते. दारूने लघवी वाढते आणि अंगातले पाणी आणखी घटते, एवढेच त्यावर सांगावे आणि पुढे जावे.

पूर्ण सोडणे हेच सर्वांत सुरक्षित आहे, हे आडपडदा न ठेवता सांगावे. जो लगेच सोडायला तयार नाही त्याच्याशी संबंध तोडू नये. त्याच्यासोबत कमी धोक्याचे नियम ठरवावेत. एकट्याने पिऊ नये, झोपेची गोळी कधीही सोबत घेऊ नये, प्यायल्यावर गाडी चालवू नये, आणि गोळी घरी नेण्याऐवजी केंद्रावर येऊनच घ्यावी. कोणी मधल्या वेळी बोलू इच्छित असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे क्रमांक त्याच कागदाच्या खाली लिहावेत.

आठवी पायरी: रुग्ण पिऊन आला तर

हा प्रसंग येणारच. तोंडाला वास येत असेल, जीभ जड असेल, तोल जात असेल तर त्या क्षणी गोळी देऊ नये. त्याला बसवावे, नाडी आणि श्वास पाहावा, डॉक्टरांना कळवावे आणि उतरल्यानंतर पुन्हा तपासून डोसचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. गोळी का थांबवली हे शांतपणे सांगावे. त्या दिवशी उपदेश करू नये, कारण त्यातला एकही शब्द दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

प्यायला म्हणून नाव कमी करणे मात्र चूक आहे. गोळी बंद झाली की तो गर्दाकडे जातो, तेही दारूसह आणि नशा पेलण्याची शरीराची सवय कमी झालेली असताना, आणि तिथेच मृत्यूची शक्यता सर्वाधिक असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूजन्य औषधांसोबत गुंगीच्या औषधांबाबत कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये तरीसुद्धा व्यसनाच्या रुग्णांची बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन रोखून धरू नये असे स्पष्ट केले. आपल्या केंद्रांवर इशारा पोहोचला आणि स्पष्टीकरण मागे राहिले, असे मला अनेकदा वाटते.

नववी पायरी: रुग्णाकडून ऐकणे आणि लिहून ठेवणे

"समजलं का?" असे विचारले की प्रत्येक जण "हो" म्हणतो. त्याऐवजी "घरी गेल्यावर बायकोला हे कसं सांगाल, तसं मला सांगा" असे म्हणावे. त्याच्या तोंडून क्वार्टरची एकके, उतरायला लागणारे तास आणि झोपेची गोळी सोबत का नको, ही तीन उत्तरे आली पाहिजेत. जे आले नाही ते पुढच्या वेळी पुन्हा घ्यावे. केसपेपरवर फक्त "समुपदेशन केले" असे लिहू नये. आठवड्यातले पिण्याचे दिवस, एका बैठकीतली एकके, शेवटच्या दारूची तारीख, सकाळी हात कापतात की नाही आणि घरी श्वास मोजायला कोणाला शिकवले, एवढे लिहावे, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसरा समुपदेशक बसला तरी त्याला पेला आणि माप पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागणार नाही.